भास्कराचार्य आणि बीजगणिताची संकेतभाषा

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नोंदविले आहे. या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होत. वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. लीलावती ही त्यांची कन्या होती, ही कथा सर्वपरिचित आहे. मात्र मूळ ग्रंथात तिला आधार नाही. फैझीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे ती रूढ झाली. भाषेच्या अभ्यासकाने या कथेपेक्षा त्यांच्या गणितातील संकेतव्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावे.

ज्ञात संख्यांच्या गणिताला भास्कराचार्य व्यक्त गणित म्हणतात आणि बीजगणिताला अव्यक्त गणित. जी संख्या अद्याप ठाऊक नाही, तिच्याविषयी बोलायचे कसे, हा अव्यक्त गणितापुढील पहिला प्रश्न आहे, आणि तो मुळात भाषेचा आहे. पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके तितके’, असे नाव होते. त्याचे आद्याक्षर ‘या’ हे तिचे चिन्ह झाले. अज्ञात राशी अनेक असतील, तर पुढील राशींना रंगांची नावे मिळत : कालक, नीलक, पीतक. त्यांची चिन्हे ‘का’, ‘नी’, ‘पी’. ज्ञात संख्येपूर्वी ‘रूप’ या शब्दाचे ‘रू’ लिहीत, आणि ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देत.

पुढील मांडणी पाहा :

या ५ रू ३
या २ रू १८

अज्ञात राशीची पाचपट अधिक तीन ही तिच्या दुपटीत अठरा मिळविल्याइतकी आहे, असा याचा अर्थ. येथे बेरजेचे चिन्ह नाही आणि बरोबरीचेही नाही. शेजारी लिहिलेल्या पदांची बेरीज समजायची आणि एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळी समान मानायच्या, हा संकेत होता. एखादे पद नसल्यास त्या जागी शून्य लिहून दोन्ही ओळी जुळवून घेत. वरच्या ओळीतून या २ आणि खालच्या ओळीतून रू ३ वजा केले, की या ३ बरोबर रू १५ उरते. म्हणून यावत्तावत्‌चे मान ५. बरोबरीसाठी दोन समांतर रेघांचे चिन्ह इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने छापले ते १५५७ मध्ये. तोवर येथे तेच काम जागेने केले होते.

या चिन्हांतील एक भेद लक्षात घ्यावा. ‘या’ हे चिन्ह ज्या शब्दावरून आले, त्याचा राशीच्या अर्थाशी संबंध आहे. ‘का’ आणि ‘नी’ यांचा तसा संबंध नाही. दुसरी राशी काळी नसते, आणि तिसरी निळीही नसते. ही चिन्हे सर्वस्वी यादृच्छिक आहेत. अज्ञात राशींसाठी रंगांचा वापर भास्कराचार्यांच्या पूर्वीचा, सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातही आढळणारा आहे. भास्कराचार्यांनी या परंपरेला नेटकी मांडणी दिली आणि पद्यातील नियम सोडविलेल्या उदाहरणांनी स्पष्ट केले.

इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. गणित त्या काळी धूळ पसरलेल्या पाटीवर होई आणि पुसले जाई. चिन्हांचा अर्थ टिकायचा, तर तो शिकविणारा कोणीतरी असावा लागे. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी विद्वानांचे प्रमुख झाले. नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. त्याची नोंद करणारा शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात असला, तरी मठाच्या उत्पन्नाचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारातील मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारा कर मठाला दिल्याचे त्यात नमूद आहे. ‘या’ आणि ‘रू’ यांचा अर्थ पुढच्या पिढीला कळावा, याचा खर्च अशा रीतीने बाजाराने उचलला, आणि त्याचा करार मराठीत कोरला गेला.

स्वाध्याय : ‘या ४ रू २’ आणि त्याखाली ‘या १ रू २०’ या मांडणीचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा व यावत्तावत्‌चे मान काढा. त्यातील कोणता अर्थ चिन्हांनी आणि कोणता जागेने सांगितला आहे, ते स्पष्ट करा.