बॅरिस्टर आंबेडकर आणि अटकेनंतरचे चोवीस तास

आपल्या विद्यालयात तथागतांच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांची जी तसबीर आहे, तीत त्यांच्या हाती संविधान आहे. विद्यार्थी त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतात, अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतात, धम्मदीक्षा देणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतात. परंतु फौजदारी न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभे राहणारे वकील हे त्यांचे रूप आपल्या परिचयाचे नाही. इतिहासाचा शिक्षक असूनही माझ्याकडून ते अनेक वर्षे निसटले होते.

त्याकडे माझे लक्ष वळविले ते एका पालकाने. काही वर्षांपूर्वी ते वसतिगृहात मुलाला भेटायला आले आणि भेट आटोपल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळत राहिले. बांधाच्या भांडणावरून त्यांच्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचलून नेले होते. त्याला तीन दिवस झाले होते. कागद नाही, कारण नाही. गुरुजी, किती दिवस ठेवतात हो, एवढेच त्यांनी विचारले. असे ठेवता येते का, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. मी कपाटातून संविधानाची प्रत काढली आणि अनुच्छेद २२ त्यांना वाचून दाखविला. त्या दिवसापासून हा अनुच्छेद तेथे कसा आला, याचा मागोवा मी घेत राहिलो. तो मागोवा मला बाबासाहेबांच्या वकिलीपर्यंत घेऊन गेला.

बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला तो १९१६ मध्ये. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना अर्ध्यावरून परतावे लागले. सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य लाभले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले व १९२३ च्या एप्रिलमध्ये मायदेशी परतले. एवढ्या पदव्या मिळविलेल्या या माणसाजवळ वकिलीची सनद घेण्यापुरते पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण दूर केली आणि जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या नावाची नोंद झाली.

त्या काळी मुंबईत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरांच्या मार्फत. अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार पाठवायला सॉलिसिटर तयार नव्हते. परिणामी बाबासाहेबांच्या वाट्याला आली ती जिल्ह्याची आणि खालची न्यायालये, आणि तेथील गरीब अशील. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत कामगार येत, गावाकडचे लोक येत. प्रपंच चालविण्यासाठी त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. चरित्रकार हा भाग कष्टाचा काळ म्हणून दोन ओळींत संपवितात. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. उच्च न्यायालयातील धनिकांचे दावे चालवून जे कळले नसते, ते त्यांना या न्यायालयांत कळले असणार : गरिबाची बाजू खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या एकदोन दिवसांतच कोसळते.

१९२६ मधील एका खटल्याने त्यांचे नाव झाले. दिनकरराव जवळकरांनी देशाचे दुश्मन ही पुस्तिका लिहिली होती. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावरील तिची भाषा अतिशय जहाल होती. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि खालच्या न्यायालयाने जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आदींना शिक्षा ठोठावली. पुण्याच्या सत्र न्यायालयातील अपिलात बाबासाहेब आरोपींच्या वतीने उभे राहिले. पुस्तिकेतील मजकूर चांगला की वाईट, या वादात ते गुंतले नाहीत. मृत व्यक्तीच्या बदनामीची फिर्याद करण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिला आहे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. फिर्यादी हा निकटचा आप्त नव्हे, दूरचा नातेवाईक आहे, हे त्यांनी दाखवून दिले. आरोपी निर्दोष सुटले. फिर्याद करण्याचा अधिकार नसलेल्याच्या फिर्यादीवरून कोणालाही तुरुंगात धाडता येत नाही, हे साधे तत्त्व त्यात होते.

पुढच्याच वर्षी महाड घडले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. प्रतिकार करण्याइतके संख्याबळ जवळ असूनही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेले. फौजदारी खटला उभा राहिला व जूनमध्ये नऊपैकी पाच आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. अस्पृश्यांना मारहाण करणे हा गुन्हा ठरतो आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागते, हे त्या पंचक्रोशीत किती जणांनी प्रथमच पाहिले असेल! तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत दहा वर्षे चालला.

सर्वच खटले त्यांनी जिंकले असे नाही. समाजस्वास्थ्य मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील नसते, अज्ञान दूर करण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आज तो युक्तिवाद कोणालाही वावगा वाटणार नाही.

१९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. ठरावीक परिस्थितीत संप करणाऱ्या कामगाराला त्यात शिक्षा सांगितली होती. कामावर जाण्यास नकार देणे हा गुन्हा ठरविला तर कामगार गुलाम होतो, असे बाबासाहेबांनी सभागृहात मांडले आणि ७ नोव्हेंबरच्या एकदिवसीय संपात ते स्वतः उतरले. गुन्हा कशाला म्हणावे हे ठरविणे हीच सत्ता असते, ही जाण त्यांच्या त्या विरोधामागे स्पष्ट दिसते.

आता संविधान सभा. आज अनुच्छेद २१ म्हणून ओळखला जाणारा मसुद्यातील अनुच्छेद १५ असा होता की, कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही. त्यावर सभेत बरीच टीका झाली. संसदेने अन्यायकारक कार्यपद्धती ठरवून दिली तर काय, हा टीकाकारांचा सवाल रास्त होता. १९४८ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी दोन्ही पक्षांची बाजू मांडून निर्णय सभेवर सोपविला आणि शब्दरचना तशीच राहिली. परंतु हे शल्य त्यांच्या मनातून गेले नसावे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला आणि आधीच्या अनुच्छेदाने झालेल्या हानीची ही भरपाई आहे, असे मोकळेपणाने मान्य केले. तोच आजचा अनुच्छेद २२. अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत. तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. यांतील तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत पूर्वीपासूनच होत्या, मग नवे काय, असे कोणी विचारील. साधा कायदा संसद वा विधिमंडळ साध्या बहुमताने बदलू शकते. मूलभूत हक्क तसा पुसता येत नाही. बाबासाहेबांनी त्या तरतुदी उचलून तेथे ठेवल्या.

याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेची, म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच डांबून ठेवण्याची तरतूद आहे, आणि अशा स्थानबद्धाला चोवीस तासांचे संरक्षण नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत घेण्याचे बंधन बाबासाहेबांनी घातले. तत्कालीन अशांत परिस्थितीत अशा कायद्याची गरज त्यांना मान्य होती. तरीही हा भाग वर्गात शिकविताना मला प्रत्येक वेळी अडखळायला होते आणि ते मी विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

त्या पालकांच्या भावाचे काय झाले, ते सांगायला हवे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे कार्यालय असते. तेथे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीतील कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आम्ही तेथे गेलो, वकिलांनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी तो तरुण न्यायालयात उभा होता. आता विधी सेवेसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची कारणे सांगण्याचे कलम ४७ आणि चोवीस तासांचे कलम ५८ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, हे कलम १७३ सांगते. खबर नोंदविण्यास नकार मिळाला तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते. पालकांनी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत.

बाबासाहेबांचे आणखी दोन आग्रह त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाहीत. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा असे सुचविले होते आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील कायद्याचा नमुना घेतला होता. १९५४ मध्ये अस्पृश्यता गुन्ह्यांचे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा त्याच्या नावातच नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख हवा, असे त्यांचे म्हणणे होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९७६ मध्ये त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा अमलात आला तो ३ जुलै २०१७ रोजी.