‘टिल्ट’चा जनक

विंडोज एक्सपीचे राज्य होते त्या काळात जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातील संगणकावर पिनबॉल खेळला नाही, असा कर्मचारी विरळाच. पोलादी गोळी खाली घरंगळू लागली, की ती वाचवण्यासाठी ठरावीक कळ दाबून टेबलाला धक्का देता येत असे. मात्र धक्क्यांचा अतिरेक झाला, की ‘टिल्ट’ अशी सूचना झळके आणि गोळी परतवणाऱ्या दोन्ही पट्ट्या निपचित पडत. वास्तविक पडद्यावरच्या त्या खेळात हलवण्याजोगे काहीच नव्हते. तरीही ही शिक्षा तिथवर पोहोचली, कारण तिच्याशिवाय पिनबॉल पुरा होत नाही. ती प्रथम फर्मावली हॅरी विल्यम्स यांनी, आणि तीही स्वतःच्या चिडखोरपणातून.

१९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या विल्यम्स यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पदवी हाती आली आणि अमेरिकेवर महामंदीची कुऱ्हाड कोसळली. लोकांच्या खिशात पैसा नव्हता, पण वेळ मुबलक होता. अशा वेळी एका सेंटात काही मिनिटांची करमणूक देणारी यंत्रे औषधांच्या दुकानांत आणि उपाहारगृहांत दिसू लागली. शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी १९३१ मध्ये आणलेल्या ‘बॅफल बॉल’ या यंत्राने तर खपाचे विक्रम केले. त्याची रचना साधी होती. आपल्याकडील मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या ज्या फळीवर गोळ्या सोडत, त्या बॅगाटेलचेच ते पायांवर उभे केलेले भावंड. दट्ट्या ओढायचा, गोळी वर सोडायची आणि ती खिळ्यांवर आपटत कोणत्या खळग्यात पडते ते पाहायचे. नव्या यंत्रांत विजेचा मागमूस नव्हता.

लॉस एंजेलिसमध्ये विल्यम्स या धंद्यात उतरले ते दुरुस्तीच्या वाटेने. यंत्राची नवलाई काही आठवड्यांत संपे आणि दुकानदाराला ते अडगळ वाटू लागे. विल्यम्स अशी यंत्रे घेत, पेटी तशीच ठेवून आतला खेळाचा फळा नवा करीत. खिळे कुठे ठोकावेत, खळगा किती खोल असावा, उतार किती अंशांचा असावा, याचे त्यांचे शिक्षण असे हाताने झाले. नव्या पेटीचा खर्च परवडत नव्हता हे खरेच. पण हा काटकसरीचा धडा त्यांना पुढे फार उपयोगी पडला.

त्यांचे ‘अॅडव्हान्स’ हे यंत्र नाजूक फाटकांचे होते. गोळी योग्य वेगाने आली तरच त्यातून पुढे सरके. एकदा एका दुकानात विल्यम्स यांनी पाहिले, की खेळणारा माणूस गोळीचा नेम साधण्याऐवजी पेटीच्या तळाला खालून दणके देत आहे आणि फाटके आपोआप उघडत आहेत. एवढी मेहनत अशी वाया जाताना पाहून ते संतापले. यंत्र परत नेऊन त्यांनी तळातून खिळे ठोकले, टोके खाली. पुढच्या वेळी दणका देणाऱ्याचा हात रक्तबंबाळ झाला, तेव्हा मात्र ते वरमले. गिऱ्हाइकाला जखमी करणारा खेळ फार दिवस चालत नाही, हे उमगायला अभियंत्याची पदवी लागत नाही.

दुसरा उपाय शहाणपणाचा होता. एका छोट्या खांबावर एक गोळी तोलून ठेवायची. यंत्र जोराने हलले, की ती खांबावरून पडणार आणि खेळ बाद होणार. विल्यम्स यांनी या युक्तीला खबऱ्या अशा अर्थाचे नाव दिले होते. पण एका खेळाडूने गोळी पडताच यंत्र कलंडल्याची तक्रार केली आणि त्यांनी तोच शब्द उचलला : टिल्ट. लवकरच खांबाची जागा लंबकाने घेतली. गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन धातूच्या कडीतून लोंबकळत असते. पेटी वाजवीपेक्षा अधिक हलली, की वजन कडीला टेकते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि खेळ थांबतो. निमुळते वजन वरखाली सरकवले, की कडीशी त्याचे अंतर बदलते. म्हणजे यंत्राने किती धसमुसळेपणा सहन करावा हे मालकाला ठरवता येते. या रचनेतील खरी खुबी हीच. तिने धक्का देण्याला मज्जाव केला नाही, त्याला मर्यादा घातली. हलकासा धक्का देणे हे त्यामुळे कसब ठरले.

विजेशी त्यांचे जुळले ते १९३३ मधील ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रात. तोवर खळग्यात पडलेली गोळी तिथेच राही. विल्यम्स यांनी खळग्यामागे सॉलेनॉइड बसवले. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला, की आतला लोखंडी दांडा झटक्याने पुढे येतो आणि गोळीला बाहेर उडवतो. त्यासाठी शक्ती पुरवत होते साधे कोरडे विद्युतघट. जोडीला एक घंटीही वाजे. आज हे पोरखेळ वाटेल. पण त्या क्षणी प्रथमच यंत्र खेळणाऱ्याला उत्तर देऊ लागले होते. पॅसिफिक अम्यूझमेंट या कंपनीने ते लहान-मोठ्या आकारांत काढले आणि ते हातोहात खपले. पुढील काळात पिनबॉलच्या पेटीत तारांचे जे जंगल माजले, त्याचे मूळ या एका वेटोळ्यात आहे.

यशापाठोपाठ ते या उद्योगाची राजधानी असलेल्या शिकागोत गेले. महायुद्धामुळे नव्या यंत्रांचे उत्पादन बंद पडले, तेव्हा जुन्या पेट्यांत नवे फळे बसवण्याची आपली पहिली विद्या त्यांनी पुन्हा बाहेर काढली. १९४२ मध्ये लिन ड्युरंट यांच्यासह ‘युनायटेड’ आणि पाठोपाठ १९४३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी त्यांनी उभी केली.

कायदा मात्र त्यांच्यावर मेहेरबान नव्हता. अनेक ठिकाणी जिंकणाऱ्याला पैसे वा बक्षिसे मिळत, म्हणून पिनबॉल जुगारात गणला गेला. लॉस एंजेलिसने १९३९ मध्ये बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला ग्वार्डिया यांच्या आदेशाने यंत्रे घणांनी फोडण्यात आली. शिकागोतही अनेक वर्षे मनाई होती. म्हणजे ज्या शहरात यंत्रे बनत, तिथेच ती खेळणे गुन्हा. वादाचा मुद्दा एकच होता : हे नशीब की कौशल्य? १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या हॅरी मॅब्ज यांनी फ्लिपरच्या पट्ट्या आणल्या आणि पारडे कौशल्याकडे झुकले. तरी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाला ते मान्य व्हायला १९७४ साल उजाडले. न्यूयॉर्कची बंदी १९७६ मध्ये उठली, तीही रॉजर शार्प यांनी नगरसेवकांसमोर खेळून दाखवल्यानंतर.

तोवर कंपनी विल्यम्स यांच्या हातून गेली होती. सॅम स्टर्न यांना त्यांनी आधी भागीदार केले आणि १९५० च्या दशकाअखेर ते स्वतः बाहेर पडले. नाव तेवढे मागे राहिले. त्या नावाच्या कारखान्याने १९९९ मध्ये पिनबॉल बनवणे बंद केले. विल्यम्स यांना मात्र फळ्यावरून हात काढवला नाही. सत्तरी उलटल्यावर ते स्टर्न पिता-पुत्रांच्या नव्या कंपनीसाठी आरेखने करू लागले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९८० मध्ये, त्यांनी आरेखलेले ‘फ्लाइट २०००’ बाजारात आले होते. विद्युतघट आणि घंटीच्या जागी त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि यंत्र माणसासारखे बोलत होते. पेटीच्या आत कडीतून लोंबकळणारा ओळंबा मात्र तसाच होता.