अविचल फेबियस

प्राचीन रोममध्ये फेबियस मॅक्सिमस नावाचा एक सेनापती होऊन गेला. लहानपणी तो सावकाश बोले, सावकाश शिके आणि सवंगड्यांच्या कलाने खेळे. म्हणून लोक त्यास 'कोकरू' म्हणत. या शांतपणाच्या मुळाशी केवढे धैर्य आहे, हे पुढे साऱ्या रोमला कळून आले.

इ. स. पूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनानी हॅनिबल आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत उतरला. पुढच्याच वर्षी ट्रॅसिमीन सरोवराच्या काठी त्याने दबा धरून सुमारे १५ हजार रोमन सैनिक कापून काढले. रोमवर जणू आकाश कोसळले. त्या संकटात फेबियसला सहा महिन्यांसाठी सर्वाधिकार देण्यात आले.

हॅनिबलचे घोडदळ मैदानात भारी आहे, परंतु परमुलखात त्यास अन्न व माणसे यांची तूट पडणार, हे फेबियसने ओळखले. म्हणून तो आपले सैन्य डोंगरांवरून नेई, शत्रूच्या चुकार टोळ्या टिपी आणि मोठी लढाई टाळी.

हॅनिबलला तर लढाईच हवी होती. तो रोमन छावणीसमोर सैन्य उभे करून आव्हान देई. फेबियस हालेना, तेव्हा त्याने रोमनांच्या डोळ्यांदेखत शेते व गावे जाळली. सैनिक संतापले. उपसेनापती मिनुशियस उघड टवाळी करू लागला. मुलांमागे पुस्तके घेऊन चालणाऱ्या गुलामाप्रमाणे फेबियस हॅनिबलच्या मागे फिरतो, असे लोक बोलू लागले.

मग हॅनिबलने आणखी एक डाव टाकला. आसपासचा मुलूख जाळून त्याने फेबियसची जमीन तेवढी राखली. फेबियस शत्रूला फितूर आहे, असा संशय रोममध्ये पसरावा, हा त्याचा हेतू होता. आणि तसा तो पसरलाही. त्याच सुमारास शत्रूच्या कैदेतील सुमारे २४० रोमनांच्या सुटकेसाठी पैसा देण्यास राज्यसभेने नकार दिला. तेव्हा फेबियसने मुलाकरवी जमीन विकली व त्या पैशातून कैदी सोडविले. आपला बेत मात्र त्याने तिळभरही बदलला नाही.

पुढे लोकांनी मिनुशियसला त्याच्या बरोबरीचा अधिकार दिला. मिनुशियस आमिषाला भुलून आपल्या सैन्यासह हॅनिबलच्या सापळ्यात सापडला. झालेला अपमान मनात न आणता फेबियस धावून गेला आणि त्याने त्यास वाचविले. मिनुशियसने त्यास पित्यासमान मानून आपला अधिकार सोडला.

फेबियसची मुदत संपल्यावर, इ. स. पूर्व २१६ मध्ये, नव्या सेनापतींनी कॅनीच्या मैदानात लढाई दिली. एका दिवसात हजारो रोमन धारातीर्थी पडले. तेव्हा रोमने पुन्हा फेबियसचाच मार्ग धरला. 'दिरंगाई करणारा' हे त्याचे हिणविण्याचे नाव आता आदराचे झाले.

इ. स. पूर्व २०३ मध्ये फेबियस वारला. त्याच वर्षी हॅनिबल इटली सोडून गेला. शत्रूने डिवचले, स्वकीय हसले. तरी केव्हा लढावे व केव्हा थांबावे, हे फेबियसने स्वतःच्या विवेकानेच ठरविले.