काठीचा घोडा करणाऱ्या पोराच्या डोक्यात काय चालतं? लेव्ह वायगॉट्स्कीने ते शोधलं होतं

घरात तीन वर्षांचं पोर असेल तर एक करून बघा. ससा आणि होडीची लाल-निळी चित्रं त्याला रंगाप्रमाणे लावायला सांगा. पटापट लावेल. मग आकाराप्रमाणे लावायला सांगा. बरीच पोरं रंगावरच अडून बसतात. नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात, हात मात्र जुन्याच नियमाने चालतो. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हे जमतं.

ही चाचणी १९९० च्या दशकातली. पण मूल एकाच वस्तूकडे दोन नजरांनी कसं बघायला लागतं, या प्रश्नामागे लेव्ह वायगॉट्स्की कितीतरी आधी लागला होता.

जन्म १८९६ चा, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शाचा. घर ज्यू. मॉस्को विद्यापीठात ज्यू पोरांना मोजक्या जागा, त्याही चिठ्ठ्या टाकून. १९१३ मध्ये याचं नाव निघालं. शिकला कायदा, पुढे गोमेलमध्ये शिक्षक झाला. १९२४ मध्ये पेट्रोग्राडच्या परिषदेत भाषण गाजलं आणि मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेने बोलावून घेतलं.

तोवर क्षयाने गाठलं होतं. हातात उरली होती जेमतेम दहा वर्षं.

पोर काठीवर बसून टबडक टबडक करतं तेव्हा ती काठीच आहे हे त्याला माहीत असतं, आणि तरी ती घोडा असते. वस्तूपासून अर्थ सुटा करायला मूल इथेच शिकतं, असं वायगॉट्स्कीचं म्हणणं. गंमत म्हणजे काहीही चालत नाही. पोस्टकार्डाचा घोडा होत नाही, कारण त्यावर बसता येत नाही!

दुसरा विषय पोरांच्या एकट्याच्या बडबडीचा. पियाजेच्या मते ती वयानुसार विरून जाते. वायगॉट्स्कीने पोरांना चित्र काढायला बसवलं आणि हवी ती रंगीत पेन्सिलच ठेवली नाही. बडबड जवळपास दुप्पट झाली. म्हणजे अडलेलं पोर बोलून स्वतःलाच वाट दाखवत होतं. हीच बडबड पुढे आत जाते आणि मनातलं बोलणं होते, असं त्याने मांडलं.

११ जून १९३४ ला तो गेला. वय अवघं ३७. विचार आणि भाषेवरचं त्याचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी आलं, पण ते बघायला तो नव्हता. १९३६ मध्ये सोव्हिएत सरकारने बालअभ्यासाच्या या शाखेवरच बंदी आणली आणि त्याचं लिखाण वीस वर्षं दडपलं गेलं. १९५६ मध्ये पुस्तक पुन्हा छापलं गेलं, १९६२ मध्ये इंग्रजीत आलं.