कल्हईचे कथील आणि मारियाबाई

लहानपणी जालन्यात आमच्या गल्लीत कल्हईवाला भाता मांडून बसे. तापल्या पितळेवर कथील फिरले की पातेले चांदीसारखे उजळे. त्या कथलात केवढे कोडे दडले आहे, हे पुढे मुलांना विज्ञान शिकवताना मला कळले. ते सोडवले मारिया गोपर्ट-मायर यांनी.

जन्म १९०६ चा, शिक्षण जर्मनीत. १९३० मध्ये लग्न करून अमेरिकेत आल्या. नवरा प्राध्यापक, म्हणून बायकोला नोकरी नाही! शिकागोत त्या वर्ग घेत, पण विद्यापीठ पगार देत नसे. बाईमाणसाने फुकट राबायचे, हे काही आपल्याकडेच नाही.

अणुकेंद्रात प्रोटॉन वा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ असे असले की ते विशेष टिकाऊ ठरते. कथलात ५० प्रोटॉन. त्याची स्थिर रूपे १०, इतर कुणाहीपेक्षा जास्त. पण का? एन्रिको फर्मींनी जाता जाता एक प्रश्न विचारला आणि बाईंना उलगडा झाला. कण फेर धरतात आणि स्वतःभोवती गिरकीही घेतात. दोन्हींच्या दिशा जुळतात की नाही, यावर त्यांची ऊर्जा ठरते. त्यातून थर पडतात, आणि याच आकड्यांना एकेक थर भरतो. जर्मनीत येन्सेनही स्वतंत्रपणे इथवरच पोचले होते.

पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद मिळाले १९६० मध्ये. १९६३ साली येन्सेन आणि विग्नर यांच्यासह नोबेल मिळाले, तर गावच्या वर्तमानपत्राने सॅन दिएगोतल्या एका आईला नोबेल मिळाल्याचे छापले!

१९७२ मध्ये त्या गेल्या. थरांच्या याच हिशेबाने ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनांच्या आसपास अतिजड मूलद्रव्ये अधिक टिकतील, अशी शास्त्रज्ञांची अटकळ आहे. रशियात दुब्ना येथे ११४ वे मूलद्रव्य घडवले, तेही प्लुटोनियमवर २० प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉनांच्या कॅल्शियमचा मारा करून. त्याचे अणू काही सेकंदांतच विरतात. १८४ न्यूट्रॉनांपर्यंत अजून कुणी पोचलेले नाही.