फुकट राबणारे अभियंते

गेल्या वर्षी भित्तिपत्रकावर माझे नाव छापायचे राहिले, म्हणून मी आठवडाभर रुसून बसलो होतो. त्याच सुमारास सर्गेई कोरोलेव्ह यांचे चरित्र हाती आले.

युक्रेनमधील झितोमिर येथे १९०७ साली जन्मलेले कोरोलेव्ह १९३१ मध्ये मॉस्कोतील ‘गिर्द’ या हौशी मंडळात सामील झाले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी एका तळघरात अग्निबाण! सुरुवातीला पगाराचे नावच नव्हते. मंडळाच्या आद्याक्षरांचा अर्थ फुकट राबणारे अभियंते असा लावून ही मंडळी स्वतःचीच थट्टा करीत. त्यांचे ज्येष्ठ सहकारी त्सांदेर यांनी इंजिनाच्या चाचण्यांसाठी जिवाचे रान केले; पण मार्च १९३३ मध्ये टायफसने त्यांचा बळी घेतला. काम मात्र थांबले नाही. १७ ऑगस्ट १९३३ रोजी नाखाबिनो येथे तिखोनरावोव्ह यांनी आखलेला अग्निबाण सुमारे ४०० मीटर चढला. द्रवरूप प्राणवायू आणि घट्ट केलेले पेट्रोल हे त्याचे इंधन. उड्डाण अवघे १८ सेकंदांचे!

पुढे १९३८ मध्ये खोट्या आरोपाखाली कोरोलेव्ह यांना अटक झाली. कोलिमाच्या खाणीत त्यांचे दात गेले, प्रकृती ढासळली; परंतु ध्यास गेला नाही. १९५७ चा स्पुटनिक आणि १९६१ मधील गागारिनचे उड्डाण ही त्यांच्याच नेतृत्वाची फळे. तरीही सरकारी गुप्ततेमुळे त्यांचे नाव जगाला कळले, ते १४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाल्यावरच!

यंदाही मी भित्तिपत्रक लिहितो आहे. खाली नाव आहे की नाही, हे आता पाहत नाही.