गॅरी किल्डॉल : २०० डॉलरचा फरक

संगणक घेताना ग्राहक गुणवत्ता पारखून निवड करतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात किंमत आणि इतरांनी काय घेतले आहे, यावरच ही निवड पुष्कळदा ठरते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ गॅरी किल्डॉल यांना या वास्तवाची मोठी किंमत मोजावी लागली.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी सिएटल येथे झाला. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते अध्यापन करीत. इंटेलचा मायक्रोप्रोसेसर हाती येताच त्यावर स्वतंत्र छोटा संगणक चालू शकेल, हे त्यांनी ओळखले आणि १९७४ मध्ये 'सीपी/एम' ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. यंत्रागणिक बदलणारा भाग त्यांनी 'बायॉस' या नावाने वेगळा काढला. तेवढा भाग बदलला की तीच प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालू लागे. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस यांसारखी सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या संगणकांवर वापरता आली. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी स्थापन केलेली 'डिजिटल रिसर्च' ही कंपनी या क्षेत्रात अग्रेसर ठरली.

१९८० मध्ये आयबीएमचे प्रतिनिधी या कंपनीच्या दारी आले. त्या सकाळी किल्डॉल आपले विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामानिमित्त गेले होते. आयबीएमने पुढे केलेल्या एकतर्फी गोपनीयता करारावर सही करण्यास डोरोथी यांनी नकार दिला. बोलणी फिसकटली आणि हे काम मायक्रोसॉफ्टकडे गेले. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेली प्रणाली विकत घेतली. तीच पुढे 'डॉस' झाली.

साम्य लक्षात येताच किल्डॉल यांनी हरकत घेतली. तेव्हा आपल्या संगणकासोबत सीपी/एम-८६ देखील विकण्याचे आयबीएमने मान्य केले. मात्र, डॉसची किंमत होती ४० डॉलर, तर सीपी/एम-८६ची २४०! शिवाय ती बाजारात आली १९८२ मध्ये, डॉसच्या काही महिने मागून. ग्राहकांनी स्वस्त प्रणाली उचलली. ग्राहक तिथे म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारेही तिकडेच वळले आणि सॉफ्टवेअर तिथे म्हणून नवे ग्राहकही.

किल्डॉल मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या कंपनीने एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली बनवल्या. १९८८ मध्ये आणलेल्या 'डीआर-डॉस'च्या पुढील आवृत्त्यांनी मायक्रोसॉफ्टलाही सुधारणा करण्यास भाग पाडले. सीडी-रॉमवर विश्वकोश आणण्याच्या कामातही ते अग्रभागी होते. १९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. हाती पैसा आला, पण विमानात हिंडण्याच्या नादात सुवर्णसंधी गमावणारा माणूस, ही अन्यायकारक दंतकथा त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली. ११ जुलै १९९४ रोजी, अवघ्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कंपनीच्या पॅसिफिक ग्रोव्ह येथील जुन्या जागेसमोर २०१४ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला. डिस्कला ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची पद्धत सीपी/एममधूनच डॉसमध्ये आणि तिथून विंडोजमध्ये आली. घरोघरच्या संगणकांवरील 'सी ड्राइव्ह' हे किल्डॉल यांचेच देणे आहे.